लायनेल हायेटची तुरट पेरी

लायनेल हायेट टँकर चालवायचा. इंग्लंडमधल्या एव्हनमथ बंदरात उतरलेला नासपतीचा आटवलेला रस भरायचा आणि सेव्हर्न नदीपलीकडच्या एका कारखान्यात नेऊन ओतायचा. काकवीसारखा दाट, पिवळट रस. तिथे त्यात पाणी-साखर घालून तो झटपट आंबवायचे, गॅस भरायचे आणि बाटलीवर लिहायचे ‘पेअर सायडर’. त्या वर्षांत त्याचं खूळच आलं होतं. तरुण मंडळी ग्लासभर बर्फावर ओतून प्यायची. लायनेलला त्याचं काही वाटत नसे. टँकरमध्ये दूध असो की रस, गाडी सारखीच हाकायची.

घरी मात्र त्याची बायको एव्हिस पेरी करायची, म्हणजे नासपतीची घरगुती दारू. मे हिल नावाच्या टेकडीच्या उतारावर तिच्या वडिलांकडून आलेली बाग होती. चर्चच्या मनोऱ्याएवढी उंच, जुनीपुराणी नासपतीची झाडं आणि खाली शेजाऱ्यांच्या मेंढ्या. ही नासपती खायची नव्हे. लिंबाएवढी, कडक, आणि चावली तर तोंड आवळून यायचं. तिचा रस पिंपात हिवाळाभर आपला आपण आंबायचा. ना वरून पाणी, ना साखर. वसंतात पेरी निघायची ती फिकट सोनेरी, सुक्या गवताच्या वासाची, आणि तिच्यात एक बारीकशी गोडी राहायची, जी आंबूनही जात नसे.

“दिवसभर पाक वाहतोस आणि संध्याकाळी माझ्या पेरीवर हात मारतोस,” एव्हिस म्हणायची. “लाज वाटते का रे जराशी?”

“पाकावर घर चालतं. तुझ्या पेरीवर फक्त मी चालतो, तेही वाकडा.”

पेरी एव्हिसची आणि ओझी लायनेलची, अशी त्यांची वाटणी होती. पोती उचल, चरक फिरव, रस पिळायच्या दाबाचा स्क्रू आवळ. ती सांगेल ते तो करायचा. चरकातून लगदा निघाला की ती ॲप्रन सोडायची, टबांवर चादर टाकायची आणि म्हणायची, “आज पुरे. दाबायचं उद्या बघू.” लायनेलला ते बरंच वाटायचं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी तो कामावरून आला, तर एव्हिस मागच्या दारात पडलेली. रेडिओ चालू होता. लायनेलने आधी रेडिओ बंद केला. मग पायातले बूट काढले, कारण तिला घरात बूट चालत नसत. मग तिच्याजवळ जाऊन बसला. मेंदूत रक्तस्राव झाला होता, कुणाच्याच हातात काही नव्हतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. लायनेलने मान डोलावली.

अंत्यविधीला एव्हिसच्या धाकट्या बहिणीचा, ग्लेनिसचा मुलगा चार शब्द बोलायला उभा राहिला. कॉलिन त्याचं नाव. स्विंडनला विमा कंपनीत होता.

“माझी मावशी कुणाला रिकाम्या हाताने जाऊ द्यायची नाही,” तो म्हणाला. “तिची पेअर सायडर तर अख्ख्या पंचक्रोशीत...”

“पेरी!” पहिल्या बाकावरून ग्लेनिस फिस्कारली. चर्चभर ऐकू गेलं.

“तेच ते, आई.”

“तेच ते नाही!”

मागे कुणीतरी खुसखुसलं. मग हसू बाकाबाकांवर पसरलं आणि त्या हसण्यातच काही बायका रडायला लागल्या. लायनेल समोरच्या फुलदाणीकडे बघत होता. तिच्यातलं एक फूल मोडून खाली लोंबत होतं. ते कुणी काढलं कसं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

नंतर गावच्या हॉलमध्ये चहा-सँडविच चालू असताना कॉलिन त्याच्याजवळ आला. “काका, चुकलं माझं. पण खरं सांगा, फरक काय हो? दोन्ही नासपतीचंच ना?”

लायनेलने थोडा विचार केला. “मी वाहतो त्याला कुठलीही नासपती चालते. पेरीला ही बागेतलीच लागते. जी कुणी खात नाही, ती.”

“एवढंच?”

“मला एवढंच माहीत आहे.”

महिनाअखेरीस बागेत मूरक्रॉफ्ट नावाची नासपती गळायला लागली. हे फळ थांबत नाही. वरून ठणठणीत दिसतं आणि आतून काळं पडत जातं. ग्लेनिसचा फोन आला.

“लायनेल, मी येते. दोघं मिळून उरकू.”

“नको.”

“मग सोडून दे यंदा. मेंढ्या खातील. कुणी नावं नाही ठेवणार तुला.”

“बघतो.”

त्याने रजा टाकली. एव्हिसचं नाव राखायचं वगैरे काही त्याच्या डोक्यात नव्हतं. दर वर्षी या दिवसांत तो रजा टाकायचा, म्हणून टाकली. लांब आकडीने फांद्या हलवल्या, खाली पडलेली फळं वेचली, धुतली, चरकात ओतली. दरवर्षी दुपारपर्यंत त्याची कंबर धरायची. यंदा काही झालं नाही. अंगातून दमणंच निघून गेलं होतं. लगदा निघाला तसा त्याने तो कापडात बांधून थेट दाबाखाली घातला. थांब म्हणायला कुणी नव्हतं, आणि थांबून घरात जायचं तर घरात तरी कोण होतं? अंधार पडायच्या आत रस पिंपांत भरून झाला. त्याने हात धुतले. बोटांवरचे काळपट डाग निघाले नाहीत, तसेच हात घेऊन तो डब्यातलं सूप गरम करायला गेला.

मग हिवाळा आला. तो टँकर चालवत राहिला. लोक भेटायला यायचे, बसायचे, घड्याळाकडे बघून उठायचे. लायनेल त्यांना फाटकापर्यंत सोडायला जायचा. नाताळात कारखान्याने ड्रायव्हरांना पेअर सायडरचा एकेक खोका दिला. एका संध्याकाळी त्याने बाटली उघडली. थंडगार होती, फसफसली. कशीच लागली नाही. तसं त्या दिवसांत त्याला काहीच कसंही लागत नव्हतं.

मे महिन्यात त्याने पिंप उघडलं. ग्लेनिस आली होती. तिने घोटभर घेतली, “छान झालीय हं,” म्हणाली आणि ग्लास खिडकीत ठेवून भांडी घासायला लागली. मग बांधापलीकडचा वॉल्टर बेलिस काठी टेकत आला. एव्हिसच्या वडिलांच्या बरोबरीने पेरी केलेला म्हातारा. त्याने ग्लास उजेडाकडे धरला. पेरी साबणाच्या पाण्यासारखी गढूळ होती. एक घोट घेतला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

“हे काय करून ठेवलंयस, बाबा?”

“का? वाईट झालीय?”

“वाईट? गाल आतून एकमेकांना चिकटले माझे! लगदा रात्रभर ठेवला नव्हतास का?”

“रात्रभर कशाला?”

“कशाला म्हणजे? तुरटपणा उतरायला. चरकातून काढायचा, झाकून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी दाबायचा. एव्हिस ठेवायची की!”

“ती दमायची, म्हणून ठेवायची,” लायनेल म्हणाला.

वॉल्टर त्याच्याकडे बघत राहिला. “एव्हिस? दमायची? अरे, त्या बाईला दमलेली मी जन्मात पाहिली नाही.”

लायनेल ग्लेनिसकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“बाबा तसंच करायचे.” ग्लेनिसचे हात साबणात तसेच राहिले. “मला वाटलं, तुलाही माहीत असणार. इतकी वर्षं तिथेच तर उभा होतास.”

“मला कुणी सांगितलं नाही.” त्याचा आवाज चढला. “एकदा तरी सांगायचं! शेजारी होतो ना मी, बैलासारखा? तोंड नव्हतं का तिला?”

“तू विचारलंस कधी?”

लायनेल बाहेर गेला आणि शेडमधल्या रिकाम्या टबाला त्याने लाथ घातली. टब गडगडत कुंपणाला जाऊन धडकला, मेंढ्या पांगल्या. बायको गेल्यापासून त्याला आलेली ही पहिली भावना, आणि ती राग निघाली. टँकर चालवतानासुद्धा तो तिच्याशी भांडत होता. आठवडाभर हे चाललं. मग एका सकाळी त्याने राग शोधला तर तो राहिला नव्हता. त्याच्या जागी दुसरं काही आलं, असंही नाही.

वॉल्टरने सांगितलं होतं, ओढ्यात ओतून दे. लायनेलने ओतली नाही. रोज संध्याकाळी जेवताना तो ती गढूळ पेरी एक ग्लास घ्यायचा. घोट गिळताना त्याचे डोळे मिटायचे. ग्लेनिस एका रविवारी जेवायला आली, तिने ते पाहिलं.

“स्वतःला शिक्षा करून घेतोयस का, लायनेल?”

“शिक्षा कसली? काहीतरी प्यायलोय एवढं तरी तोंडाला कळतं.”

ग्लेनिसने आपला ग्लास पुढे केला. “घाल मलाही.” एक घोट घेतला आणि ती खोकत सुटली. “शी! घर रंगवायला घे हे!” लायनेलच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तो तेवढाच.

पुढच्या शरदात त्याने तिला नको म्हटलं नाही. दोघांनी फळ वेचलं, चरक फिरवला, लगदा टबांत काढून झाकला आणि दुसऱ्या दिवशी दाबला. मध्येच ग्लेनिस आठवण काढून रडली. लायनेल तिचं आटपेपर्यंत स्क्रूवर हात ठेवून थांबला. तो स्वतः रडला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. गावात यावर थोडी कुजबुज झाली आणि विरली.

तोवर बर्फावरच्या नासपतीचं खूळ ओसरलं होतं. कारखान्याने स्ट्रॉबेरीचं काहीतरी काढलं. लायनेलचा टँकर आतून धुवून दिला आणि तो नवा रस वाहू लागला.

वसंतात नवी पेरी काढली. ती स्वच्छ उतरली होती, ग्लासापलीकडची बोटं दिसावीत इतकी. वॉल्टर दोन ग्लास प्यायला आणि जाताना एक बाटली काखेत मारून गेला. कॉलिनने आपल्या लग्नासाठी दोन खोके मागितले आणि या वेळी नाव बरोबर घेतलं.

“तुला कशी वाटली?” ग्लेनिसने लायनेलला विचारलं.

“बरी आहे,” तो म्हणाला. आणि ती बरी होती.