ब्रूसार

अमेरिकेत शुगर लँडला आमच्या शेजारी एक कृष्णवर्णीय मावशी राहतात. त्यांचं आडनाव मी बरीच वर्षं 'ब्रूसार्ड' म्हणत होते. एकदा त्यांनीच दुरुस्त केलं, "ड गिळायचा. ब्रूसार. फ्रेंच आहे ते." माहेरचं आणि सासरचं, दोन्हीकडे हेच आडनाव. शिवाय लुइझियानात त्याच नावाचं गाव. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं; तिथे आडनावावरून गावाचं नाव पडलं होतं!

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे लोक आपल्या माणसांच्या कबरी चुन्याने रंगवतात; मावशीही दरवर्षी त्यासाठी जातात. गेल्या वर्षी मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगा समुद्रातल्या तेलविहिरीवर. मी म्हटलं, "मावशी, मी ड्राइव्ह करते."

गावाबाहेरच्या दफनभूमीत जमिनीवर बांधलेल्या पांढऱ्या कबरी होत्या. ओळीमागून ओळ, आणि जिकडे बघावं तिकडे ब्रूसार. माझ्या आडनावाचं माणूस मला अमेरिकेत घराबाहेर कधी भेटलेलं नाही. मी नुसती चालत राहिले, वाचत राहिले.

परत आले तर पलीकडच्या ओळीत चुना लावणारे एक गोरे आजोबा मावशींशी फ्रेंचमध्ये बोलत होते. मावशींनी उत्तर दिलं, तसा आजोबांचा ब्रश थांबला. त्यांनी टोपी काढली.

"काय विचारलं त्यांनी?" मी हळूच म्हटलं.

"कुठल्या ब्रूसारांपैकी, म्हणून. मी सांगितलं. माझे पणजोबा त्याच्या पणजोबांचे गुलाम होते. नाव तिथूनच आलं."

पत्ता सांगावा तसं सांगितलं त्यांनी. कुठे बघावं मला कळेना. वाटलं, आता निघायचं. पण आजोबांनी गाडीतून घडीची खुर्ची आणली. बायको गेल्यापासून घरात फ्रेंच बोलायला कुणी नाही, थोडं बसाल का, असं ते विचारत होते; मावशींनीच मला सांगितलं. मावशी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग बसल्या.

मावशींच्या आईवडिलांच्या कबरी मीच रंगवल्या. मागे दोघं हसत होती. मध्येच मावशींचा आवाज चढला, बोट उगारलं गेलं. आजोबा मान खाली घालून ऐकत होते.

परतताना गाडीत विचारलं, "रागावलात कशाला?"

"म्हणाला, आमचे लोक चांगले मालक होते. मी म्हटलं, चांगला मालक असं काही नसतं."

"मग?"

"मग म्हणाला, खरं आहे." मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. "माझ्या आईच्या भाषेत हे कुणाला सांगायला मिळेल असं वाटलं नव्हतं गं."

आता दर रविवारी त्या आजोबांचा फोन येतो. मावशी मागच्या अंगणात बसून मोठमोठ्याने बोलतात, भांडतात, हसतात. मला एक अक्षर कळत नाही. तरी हातातलं काम सोडून मी ऐकत राहते.