दुसरा सर्व्हर उठेपर्यंत

ऑपरेशन थिएटरच्या स्क्रीनवर चक्र गोल फिरत होतं. दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं डॉ. कुलकर्णी बघत होते. टेबलावर बेंबळी गावचे महादेव होते. उसाची ट्रॉली उलटून डोक्याला जबर मार लागलेला. खाली सीटी स्कॅन झाला होता, पण त्याच्या इमेजेस वर येत नव्हत्या.

"किती वेळ?"

"दुसरा सर्व्हर उठतोय, सर. दोन मिनिटं."

तीन मिनिटं झाली. डॉक्टर बाहेर पडले आणि जिना उतरून सीटीच्या खोलीकडं पळाले. तिथल्या मशीनच्या स्क्रीनवर त्यांनी स्कॅन बघितला, धापा टाकत वर आले आणि कामाला लागले. थिएटरमधली स्क्रीन चालू झाली तेव्हा सहा मिनिटं होऊन गेली होती.

महादेवांचा भाऊ बाहेर बाकावर बसला होता. "म्याडम, फोटो निघालाय म्हणत्यात. मग डॉक्टर खाली कशाला पळाले?"

"डॉक्टरांनी फोटो बघितलाय, दादा. ऑपरेशन सुरू झालंय." मी एवढंच बोलले. पुढं काय सांगणार?

धाराशिवच्या एका खाजगी हॉस्पिटलचं कॉम्प्युटरचं काम मी बघते. आमच्याकडं दोन फाइल सर्व्हर आहेत. एक्स-रे, सीटी, रिपोर्ट, सगळं त्यांच्यावर. काम एकच करतो, दुसरा राखीव. पहिला पडला की दुसऱ्यानं आपोआप त्याची जागा घ्यायची. याला फेलओव्हर म्हणतात. त्या दुपारी पहिल्याचा पॉवर सप्लाय जळाला. दुसऱ्यानं जागा घेतली, पण सहा मिनिटांनी.

महादेव वाचले. चौथ्या दिवशी उठून बसले. मला मात्र त्या चार दिवसांत जेवण गोड लागलं नाही. पॉवर सप्लाय बदलला होता, पण पहिला पुन्हा पडला तर परत सहा मिनिटं.

सर्व्हर बसवून देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "ग्रेस पिरियड नव्वद सेकंदांचा आहे. दहावर आणा, प्रश्न मिटला."

ग्रेस पिरियड म्हणजे दुसरा सर्व्हर उठल्यावर मुद्दाम थांबतो तो वेळ. आधी जे कॉम्प्युटर जी फाइल वापरत होते, त्यांना ती परत धरू द्यायची, म्हणून. घाई केली तर एकाच फाइलवर दोघं लिहायचे आणि रिपोर्टची खिचडी व्हायची.

"नव्वद सेकंद मी समजू शकते," मी म्हटलं. "वरची साडेचार मिनिटं कुठली?"

तो परत "दहावर आणा" एवढंच म्हणाला. खरं कारण शोधायचं तर पहिला सर्व्हर मुद्दाम पाडून बघावा लागणार होता. मी हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांकडं, शिंदे सरांकडं गेले.

"चालू दवाखान्यात सर्व्हर पाडायचा? तुम्ही शुद्धीवर आहात ना?"

"आपण नाही पाडला तर तो त्याच्या वेळेला पडेल, सर. तेव्हा टेबलावर कोण असेल, माहीत नाही."

सरांनी कॅलेंडर समोर ओढलं. "रविवारी दुपारी. थिएटर रिकामं असेल तरच. आणि मी तिथं बसणार."

रविवारी सर खरोखर खुर्ची ओढून शेजारी बसले. मी पहिला बंद केला. दुसऱ्याच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहितो त्या नोंदवहीत, ओळी येऊ लागल्या. बारा सेकंदांत त्याला कळलं की पहिला गेला. फाइली असलेली डिस्कही लगेच जोडली. मग सगळं शांत. पंधरा सेकंदांनी एक ओळ. आणखी पंधरा सेकंदांनी दुसरी. घड्याळ लावल्यासारखं.

"हे काय करतंय?" सरांनी विचारलं.

फाइली कुणाकुणाला द्यायच्या, त्या अठरा कॉम्प्युटरांची यादी त्याच्याकडं नावानं होती. प्रत्येक नावाचा नेटवर्कवरचा पत्ता तो दुसऱ्या एका मशीनला विचारत होता, पंधरा सेकंद वाट बघत होता, उत्तर नाही म्हणून पुढच्या नावाकडं वळत होता. अठरा वेळा पंधरा. साडेचार मिनिटं.

ते पत्ते सांगणारं मशीन पाच महिन्यांपूर्वी भंगारात गेलं होतं. नवं बसवताना पत्ते कुणाला विचारायचे ही नोंद पहिल्या सर्व्हरवर बदलली होती. दुसऱ्यावर राहिली होती. बदलणारी मीच होते.

सरांना तसं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, लॉग समोरच होता.

"दुसऱ्यावर का नाही बदललं?"

"तो कामाला नसतो म्हणून डोक्यात आलं नाही, सर."

ते रागावले नाहीत. "आता दुरुस्त करा," एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

पंधरा मिनिटांत नोंद बदलली. यादीत नावांच्या जागी थेट पत्ते टाकले, म्हणजे कुणाला विचारायलाच नको. ग्रेस पिरियडला हात लावला नाही. पहिला उठवला, पुन्हा पाडला. सरांनी मोबाइलवर वेळ लावली. एक मिनिट पन्नास सेकंदांत फाइली उघडल्या.

तरी जवळजवळ दोन मिनिटं काही थोडकी नव्हेत. म्हणून सीटीच्या मशीनवरून थिएटरच्या स्क्रीनपर्यंत सर्व्हरला वगळून एक वेगळी सरळ लाइन ओढून घेतली. आता दर महिन्याला एका रविवारी आम्ही पहिला सर्व्हर स्वतःच्या हातानं पाडतो. राखीव सर्व्हर चालतो की नाही, हे त्याला कामाला लावल्याशिवाय कळत नाही. आणि लावायचंच तर थिएटर रिकामं असताना लावावं.