आधी वास, मंग नाव

"आधी वास, मंग नाव!" असं म्हणत बाबा माझ्या हातातलं पान घेऊन चुरगळायचे, हुंगायचे आणि मगच माझ्याकडे बघायचे. "गवती चहा. म्हंजे तू आमची सकालची बाय."

राहनाळला गोदामांच्या मागे, स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांसाठी आमचं दिवसभराचं केंद्र आहे. तिथली बाग मी सांभाळायची. हात लावायला, हुंगायला, चाखायला लावलेली झाडं. बाबा तिथे रोज येणारे, अकलोलीकडचे शेतकरी. चेहरे पुसले गेले होते, नाक मात्र शाबूत. म्हणून त्यांनीच आम्हाला एकेक पान वाटून दिलं होतं. मी गवती चहा, त्यांची सून मरवा. संध्याकाळी न्यायला आली की ती आधी वाफ्यातला मरवा खुडायची. तो हुंगल्याशिवाय बाबा रिक्षात बसत नसत. "परक्या बाईसंगं जाऊ? मी काय येडा हाय?"

एकदा मी ओवा म्हणून मुद्दाम पुदिना दिला. म्हणाले, "बाय, डोकं गेलंय माजं, नाक न्हाय!" हसून हसून पुरेवाट झाली आमची.

मग देणगीदार केंद्र बघायला येणार असं ठरलं. मी नेमकी लग्नाला गावी. व्यवस्थापक फोनवर म्हणाले, "ताई, बागेची काळजी सोडा, आम्ही आहोत ना." आहोत ना! परतले तर वाफे उपटलेले, आणि त्या जागी प्लास्टिकची झाडं. व्यवस्थापक म्हणाले, "चिखल नाही, पाणी नको, फोटोही झकास येतात." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा वाकून एक पान चोळत होते. बोटं हुंगली. पुन्हा चोळलं, पुन्हा हुंगली.

"बाय, नाक बी गेलं."

"बाबा, नाक नाही गेलं! ही झाडंच खोटी आहेत. फसवलंय आपल्याला!"

ते परक्या माणसाकडे बघून हसावं तसं हसले. दुसऱ्या दिवशी मी घरून गवती चहा आणला. त्यांनी माझा हात बाजूला सारला. "राहू दे. मना काय वास येनार?" तुम्हीच सांगा, सगळं विसरणारा माणूस नेमकं एवढंच कसं लक्षात ठेवतो?

संध्याकाळी सून आली. धामणकर नाक्यावर शोधून ताजा मरवा आणला होता बिचारीने. बाबांनी तो नाकाशी नेलाच नाही. तिने हात धरला, तसे निमूट रिक्षात जाऊन बसले. तू कोण, हेसुद्धा विचारलं नाही.