कारणाचा रकाना

आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा ट्रक ठरलेला रस्ता सोडून गेला की अलिबागच्या ऑफिसात माझ्या स्क्रीनवर त्याचा ठिपका लाल होतो आणि ड्रायव्हरचा पगार कापला जातो. कापणारा मी. फॉर्मवर कारणाचा एक रकाना असतो. बाकीचे ड्रायव्हर त्यात झाडं पाडतात, पूल बुडवतात. एक ड्रायव्हर मात्र खरं लिहितो. 'थळला जिताडा मासा मिळाला.' 'तळ्याला बहिणीनं जेवायला बोलावलं.' एकदा तर नुसतंच, 'हवा चांगली होती.'

"अहो, पुलाचं काम चालू होतं असं लिहा. माफ होईल," मी सांगायचो.

"पूल धडधाकट हाय, दादा. त्याला कशाला बदनाम करता?" खिशातल्या कंगव्यानं केस मागे फिरवून तो सही ठोकायचा.

गेल्या महिन्यात तळ्याला, आमच्या गावी, माझी आई घरात पडली. शेजाऱ्यांना गाडी मिळेना. स्क्रीनवर याचा ठिपका इंदापूरजवळ दिसला, मी फोन लावला. त्यानं ट्रक वळवला आणि आईला केबिनमध्ये बसवून माणगावच्या दवाखान्यात पोचवलं. ट्रकमध्ये बाहेरचं माणूस बसवलं तर आमच्याकडे नोकरी जाते. त्याची गेली असती, माझीही.

महिनाअखेरीस तो आला. केस विंचरले, रकाना भरला, सही ठोकली.

'तळ्याला बहिणीनं जेवायला बोलावलं.'

"आई बरी हाय ना?" त्यानं हळूच विचारलं.

मी मान डोलावली आणि त्याचा पगार कापला.