वाटंच्या देवाजवळचा डबा

साल दोन हजार चोवीस. मला बहात्तरावं लागलं होतं. माघ सरत आला होता. पहाटे अंगावर घोंगडं लागायचं आन् दुपारी टोपीखाली घाम यायचा, असे ते दिवस.

मी रेल्वेत गँगमन होतो, दौंडला. शाळा तिसरीपर्यंत, पुढची सगळी रुळावर. पोरगा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. आमचं दोघांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडायला बोलावं तरी लागतं. तो महिन्यातनं एकदा यायचा, आईजवळ चुलीपुढं बसून तासभर गप्पा मारायचा आन् बाहेर येऊन मला विचारायचा, "आप्पा, गोळी घेतली का?" मी म्हणायचो, घेतली. झालं आमचं बोलणं. हे असं कधीपासून झालं ते मला सांगता येणार नाही. मीही कधी पहिला शब्द टाकला नाही. बापानं का टाकावा, असं माझं होतं.

त्या शनिवारी तो मुक्कामाला म्हणून आला आन् पिशवी खाली ठेवायच्या आतच म्हणाला, "आप्पा, आज माझ्यासंगं चला. दिवसभर."

कुठं, तर डबा हुडकायला. त्या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात म्हणे. कुणीतरी रानात, नदीकाठी डबा लपवून ठेवतो आन् जागा फोनवर टाकतो. मग अनोळखी माणसं तो हुडकत येतात, आतल्या कागदावर आपलं नाव लिहितात आन् डबा होता तसा ठेवून जातात. शिरूरकडं घोडनदीच्या काठाला त्यानं असे बरेच काढले होते.

"सापडला तर मिळतं काय?" मी विचारलं.

"काय न्हाई मिळत."

"मग?"

"मग काय न्हाई. चला तर."

त्याची आई आतनं म्हणाली, "जावा की. घरात बसून तरी कुठं उजेड पाडताय." मी बूट घातले.

पहिला डबा दौंडला, भीमेच्या काठाला. तो फोनकडं बघत पुढं, मी मागं. एका पडक्या दगडी बांधाच्या फटीत त्यानं बोट घातलं आन् औषधाच्या बाटलीएवढी डबी बाहेर काढली. खोटं कशाला सांगू, मला गंमत वाटली. ज्या काठानं मी इतकी वर्षं गेलो-आलो, तिथं हे दडून बसलेलं. पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. त्यानं डबी माझ्यापुढं धरली, उघडा म्हणाला. मी म्हणालो, तूच उघड. आत गुंडाळलेला कागद, त्यावर नावं. त्यानं आपलं लिहिलं आन् विचारलं, "तुमचंबी लिहू?"

"माझं कशाला? मी काय शोधलंय?"

तो हसला. "बरं. म्होरला तुम्ही शोधायचा."

कुरकुंभच्या चौकात आम्ही वडापाव खाल्ला, चहा घेतला. गाडीत तो बोलत होता. हापिसात त्याच्या हाताखालची दोन माणसं काढली, आता आपली पाळी येईल असं रोज वाटतं, रात्रीची झोप लागत नाही, बायकोला अजून सांगितलं नाही. हे तो मला सांगत होता. मी नुसतं हं म्हणत होतो, पण ऐकत होतो. मला वाटलं, रस्ता अजून थोडा लांब असता तर बरं.

दुसरा डबा आमच्याच गावच्या माळावर. गाडी रस्त्याला लावली आन् मेंढरांच्या वाटेनं निघालो. गवत वाळून पिवळं पडलेलं, पँटीला कुसळं टोचत होती. लांब दोन चिंकारा उभ्या राहून आमच्याकडं बघत होत्या. पोरानं फोन माझ्या हातात दिला. त्यात एक बाण होता, तो ज्या अंगाला वळंल तिकडं चालायचं. मी फोन त्याच्याकडं परत केला. म्हणालो, ह्या माळावर मला बाण लागतो व्हय?

बाण जिथं थांबला तिथं वाटंचा देव होता.

देव म्हणजे दगडांची रास. सडक नव्हती तेव्हा माणसं ह्याच वाटेनं बाजाराला जायची आन् जाता-येता एकेक दगड त्या राशीवर ठेवायची. पाय शाबूत राहू दे, एवढंच मागणं. दगड ठेवायचा, उचलायचा नाही. मागं बंधाऱ्याच्या कामाला एक ठेकेदार ट्रॅक्टर घेऊन ह्या राशीचे दगड भरायला आला होता. मी ट्रॅक्टरपुढं आडवा झोपलो होतो. गावात अजून सांगतात.

पोरगा म्हणाला, "आप्पा, हितंच हाय. बघा."

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, दगडाला हात लावायचा नाही.

"राशीला लावायचाच न्हाई. ती मागची बाजू, तिथं जरा वाकून बघा."

"मागची बाजूबी देवाचीच."

"आप्पा, तुम्ही नुसतं वाका तर."

"मी वाकणार न्हाई आन् तूबी न्हाई. ज्यानं कुणी हितं डबा ठेवला, त्याला आईबापानं काय शिकवलंच न्हाई."

तो माझ्याकडं बघत राहिला. वाटलं आता काहीतरी बोलंल. मी तयारच होतो. पण त्यानं फोन खिशात घातला. "बरं. चला," म्हणाला.

परतीला गाडीत गाणी लावली त्यानं. घरी चहा घेतला, आईशी आत काहीतरी बोलला आन् मुक्काम न करताच पुण्याला निघाला. मला वाटलं, हापिसाचं काम निघालं असंल.

जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं, देव कसा राखला ते. शेवटचं माझं वाक्य तर दोनदा सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"त्यो डबा त्यानंच ठेवलाय," ती म्हणाली.

मागच्या खेपेला आला होता तेव्हा तो सांजचा एकटाच माळावर गेला होता. आईला म्हणाला होता, आजून कुणाला दाखवला नाही, पहिलं नाव आप्पांचं पडू दे, मग फोनवर सगळ्यांसाठी खुला करतो. मला सांगू नको म्हणून तिला शपथ घातली होती.

"आन् आता?"

"आता करतो म्हणला खुला. जाताना म्हणला." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "ठेकेदारापुढं झोपलात तवा मला लई बरं वाटलं व्हतं. पर त्यो ठेकेदार व्हता. ह्यो तुमचा पोरगा हाय."

मी ताट बाजूला सारलं. फोन पुढ्यातच होता. लावला नाही. काय बोलायचं ते जुळलंच नाही. त्यानं नोकरीचं भ्या मला सांगितलं होतं, स्वतःच्या बायकोला सांगायच्या आधी. त्यावर मी दिवसभरात त्याला काय दिलं असंल, तर ते एक वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायच्या आत मी माळावर निघालो. बायकोनं कुठं म्हणून विचारलं नाही. देवापाशी पोचलो तर तिथं मोटारसायकल उभी. कुरकुंभच्या कंपनीतनं रातपाळी करून आलेली दोन पोरं, अंगावर अजून कंपनीचे कपडे. एकजण म्हणाला, "काय बाबा, शेरडं चुकली का?"

मी न्हाई म्हणालो.

दुसरा बिहारकडचा असावा. तो फोन वर धरून दोघांचा फोटो काढत होता. "पहला नंबर अपना," तो मला हसून म्हणाला. फार खूश होती बिचारी. डबा त्यांनी नीट जागेवर ठेवला, मला नमस्कार केला आन् गेली.

मी मागच्या बाजूला जाऊन वाकलो. डबा राशीत नव्हताच. राशीपासून चार हात लांब, बोरीच्या बुडाशी, एका सुट्या चपट्या दगडाखाली होता. देवाचा एक खडाही त्यानं हलवला नव्हता. आतल्या कागदावर त्या पोरांची नावं ताजी होती. त्यांच्या खाली मी माझं नाव लिहिलं. गारठ्यानं बोटं वळत नव्हती, अक्षरं वाकडी आली. ती तशीच राहू दिली.

मग पोराला फोन लावला. बराच वेळ वाजला, उचलला नाही. डबा होता तसा ठेवला, वर दगड झाकण घातला आन् तिथंच खाली बसून पुन्हा लावला.