शेठचा खटला आणि आमची पार्टी

दोन गाण्यांच्या मधे वादकाला काम नसतं, म्हणून ऑर्केस्ट्रात किस्से साठतात. आमच्या परभणीच्या पार्टीत सध्या एकाच माणसाचे साठलेत. आपल्याच जिल्ह्यातून मुंबईला जाऊन मोठे झालेले संगीत निर्माते. सगळे त्यांना शेठ म्हणतात. स्वतःच्या स्टुडिओतल्या ढोलकीवाल्याचा, संदीपचा, खून केल्याचा खटला त्यांच्यावर चालू आहे. आणि त्या दिवशी तिथे गायला गेलेल्या आमच्या रेखाताई त्यात साक्षीदार आहेत. तेव्हापासून आम्ही हसतो, पण आधी मागे वळून बघतो.

*

आमचे कीबोर्डवाले बशीरभाई. त्यांच्या दुकानात शेठसोबतचा फोटो होता. अटक झाली, फोटो उतरला. जामीन झाला, पुन्हा चढला. साक्षी सुरू झाल्या तसं त्यावर अर्ध्यापर्यंत कॅलेंडर आलं. आता बशीरभाई दिसतात, शेठ दिसत नाहीत.

मी छेडलं तर म्हणाले, "निकाल लागू द्या मियाँ, मग कॅलेंडर कुठं सरकवायचं ते बघू."

*

देवगाव फाट्यावर चहाला थांबलो होतो. हॉटेलात वाद पेटलेला. एक म्हणे, गावाला सभामंडप बांधून देणारा माणूस खून करील का? दुसरा म्हणे, अशा वेळी कामाला यावा म्हणूनच बांधला. तेवढ्यात काळ्या काचांची गाडी येऊन उभी राहिली. सगळं हॉटेल एकदम सोयाबीनवर बोलायला लागलं!

काच खाली झाली. ड्रायव्हरने सेलूचा रस्ता विचारला आणि गेला. त्यानंतरही कुणी सोयाबीन सोडलं नाही.

*

पालमच्या एसटीत तर कंडक्टरसुद्धा तिकिटं सोडून शेठच्या बाजूने भांडायलेला. मागच्या सीटवरची म्हातारी बराच वेळ ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "आन् मेलं ते लेकरू कुणाचं व्हतं?"

कंडक्टर पुन्हा तिकिटं फाडायला लागला. आमची अख्खी पार्टी त्या गाडीत होती, मुंबईला जायच्या आधी संदीप आमच्या प्रत्येकासोबत वाजवून गेलेला. पण कुणाच्या तोंडून त्याचं नाव निघेना.

*

ताईंच्या मोबाइलची रिंगटोन शेठच्याच गाण्याची. अनोळखी नंबरवरून फोन यायचे, पलीकडे कुणी बोलायचं नाही. पुढे ती धून कुठल्या लग्नात वाजली तरी ताई आधी पर्समधला मोबाइल चाचपायच्या. त्यांचे मिस्टर शाळेत गुरुजी. साक्ष देऊ नकोस म्हणून ते रोज विनवायचे. आणि आम्हाला प्रत्येक गावात फर्माईश त्याच गाण्याची!

*

सोमवारी ताईंची साक्ष होती. त्याआधीच्या शनिवारी एका गावात आमचा कार्यक्रम झाला. मधेच पुढच्या रांगेतून दोघे शाल-नारळ घेऊन स्टेजवर चढले. निवेदकाने कसंबसं जाहीर केलं, शेठच्या वतीने रेखाताईंचा सत्कार. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ऑक्टोपॅडच्या काड्या घेऊन ताईंच्या अगदी मागे. शाल पांघरताना त्यातला एक त्यांच्या कानाशी वाकला. हळूच म्हणाला, "सोमवारी घरीच ऱ्हावा ताई. लेकरंबाळं हायत तुमाला."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी शाल नीट केली आणि हातातला माइक त्या माणसाच्या तोंडापुढे धरला.

"दादा, मागच्या मंडळीला ऐकू आलं न्हाई. जरा माइकमधी सांगा."