तुटक रेघ

ऑफिसात त्याला सगळे ‘तुटक’ म्हणायचे. एक तर त्याचं बोलणं तुटक, आणि दुसरं म्हणजे शहरातल्या पावसाळी गटारांच्या नकाशावर तो जिथे तिथे तुटक रेघा मारायचा. कामाचा नियम साधा होता. चेंबरचं झाकण उघडायचं, खोली मोजायची, पाइप कुठे जातो ते बघायचं, मग पुढच्या चेंबरपाशी जाऊन पुन्हा तेच. दोन्ही तोंडं डोळ्यांनी पाहिली तर मधे सलग रेघ. एखाद्या झाकणावर कुणी ट्रक लावलेला असला, डांबर ओतलेलं असलं, तर तुटक.

“अहो, एवढा सरळ पाइप आहे, मारा की सलग,” झाकणं उघडणारा जोडीदार वैतागून म्हणायचा. “जमिनीखाली वळणं घ्यायची हौस असते काय पाण्याला?”

“पाहिलं नाही.”

“मुलगी बघायला गेलात तेव्हा तरी यापेक्षा जास्त बोलला होतात का?”

“नाही.”

जोडीदार हसायचा आणि पुढच्या झाकणात पहार घालायचा.

असा हा माणूस आयुष्यात एकदाच खोटी रेघ मारून बसला, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या दारात.

ताईचं घर उताराच्या गल्लीत, पार तळाला, राहायच्या खोल्या माडीवर. दाजींना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची जिन्यावरून ने-आण ताईला एकटीला झेपेना. मग तिने दारापुढे, गल्लीच्याच जागेत, एक खोली काढली. वर पत्रा, विटांच्या चार भिंती, रस्त्याकडे खिडकी. दाजी त्या खिडकीशी पडून येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायचे. तोंड वाकडं झालं होतं, जीभ शाबूत होती. “या, गटारमंत्री,” मेहुण्याला बघून म्हणायचे, “आज कुणाच्या चिखलात हात घातलात?”

मोजणी त्या गल्लीत पोचली तेव्हा मधलं एक चेंबर सापडेना. त्याने जुन्या नकाशावरून अंतर काढलं, फीत ओढत नेली, आणि फीत दाजींच्या खाटेपाशी जाऊन थांबली. चेंबर खोलीच्या फरशीखाली होतं. तुटक रेघ मारायची तर शेजारी कारण लिहावं लागणार होतं, ‘वर बांधकाम’. आणि ते लिहिलं की खोली पाडणार, यात शंकाच नव्हती. त्याने जोडीदाराला चहा आणायला पिटाळलं आणि सलग रेघ मारून मोकळा झाला.

पुढे तो नकाशा कॉम्प्युटरवर चढला. एके दिवशी इंजिनिअर मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं, की गल्लीमागचा उघडा नाला बुजवून वरून रस्ता काढायचा ठरलंय.

“गल्लीतला पाइप आहेच. तुमची रेघ सलग आहे म्हणजे बघायलाच नको.”

मधलं चेंबर तर त्याने पाहिलंच नव्हतं. पाइप तुंबलेला असेल आणि नालाही बुजवला, तर सगळ्या गल्लीचं पाणी तळाच्या घरांत चढणार. आणि त्या घरांत एक माणूस असा, की ज्याला खाटेवरून उठता येत नाही.

रविवारी दुपारी तो एकटाच गेला. वरच्या चेंबरमध्ये लाल रंग कालवलेल्या बादल्या ओतल्या आणि खालच्या चेंबरपाशी उकिडवा बसून राहिला. खरं तर या कामाला टँकर लागतो. पण सलग रेघेची तपासणी कशाला, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार? ऊन उतरलं तरी लाल थेंब आला नाही. पाइप तुंबलाय, त्याची खात्री पटली.

तिथून तो तडक ताईकडे गेला.

“ताई, खोली पाडावी लागेल.”

“कुणाची?”

त्याने सगळं सांगितलं. ताईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“रेघ तूच मारलीस ना? मग राहू दे की तशीच. कोण बघायला येतंय?”

“पाणी भरेल. दाजी इथे खाटेवर—”

“मी मेले नाही अजून. मी उचलीन त्यांना.”

“तुला उचलवत नाहीत म्हणूनच तर खोली काढलीस ना.”

“लहानपणापासून तुझ्या तोंडातून शब्द ओढून काढावा लागायचा,” ताई म्हणाली, “आणि आज तोंड उघडलंस ते हे सांगायला!”

“सांगून टाका हो, मेहुणे,” खाटेवरून दाजी म्हणाले. “मला नाहीतरी वरचं बोलावणं आलेलंच आहे. एक मजला तरी आधी चढून ठेवतो.”



सोमवारी त्याने मॅडमना सांगितलं. त्याच्यावर चौकशी बसली ती वेगळीच. पाडापाडीच्या दिवशी दाजींना खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं, आणि दुपारपर्यंत खोलीचा ढिगारा झाला. फरशी फोडली, झाकण उचकटलं. त्याने आत बॅटरी मारली.

तळाशी लाल पाणी साचलेलं होतं.

चेंबर जुन्या पद्धतीचं निघालं. गाळ बसावा म्हणून पाइपच्या तोंडाच्या बराच खाली खड्डा ठेवलेला. त्याच्या सगळ्या बादल्या त्या खड्ड्यातच अडकल्या होत्या. मग टँकर आला. खड्डा भरला, पाणी पाइपच्या तोंडाशी चढलं आणि घों घों करत निघालं. खालच्या चेंबरपाशी उभा असलेला जोडीदार ओरडला, “आलं! धो धो आलं!” मग जवळ येऊन हळूच म्हणाला, “म्हणजे तुमची रेघ बरोबरच होती की हो.”

ताई जिन्यात उभी होती. तिने ते ऐकलं आणि ती वर निघून गेली.

चेंबर एकदा सापडल्यावर त्याच्यावर पुन्हा वीटही ठेवता येत नाही. नाला बुजला, रस्ता झाला. त्या वर्षी पाऊस धुवांधार पडला आणि गल्लीत घोट्याएवढंही पाणी साचलं नाही. लोक खूश होते. वरच्या खोलीला मात्र रस्त्याकडे खिडकी नव्हती. फिरकी घ्यायला समोर कुणी नाही म्हटल्यावर दाजींची जीभही जड होत गेली. तो जायचा, खाटेशी बसायचा. ताई पाण्याचा पेला पुढे सरकवायची आणि आत निघून जायची.

दाजींना खाली आणलं ते एकदाच, गल्लीत तिरडी बांधून झाल्यावर. पुढच्या बाजूला, डोक्याशी, तो होता. जिना अरुंद, वळणावर सगळेच अडकले.

“सांभाळून रे,” वरून ताई त्याला म्हणाली, “त्यांचं डोकं आपटेल.”

इतक्या महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. त्याने एक हात काढला आणि भिंत आणि दाजींचं डोकं यांच्यामध्ये धरला.